आईसाठीची प्रार्थना-डायरी: साडेचारशे रुपये आणि मधली निळी रेघ

आधी गुण सांगून टाकते, म्हणजे कुकर लावून वाचायला बसलेल्या आयांना पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण बांधणीने घालवला, अर्धा भाषेने आणि अर्धा एका रेघेने. त्या रेघेबद्दल मला बरंच बोलायचं आहे.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात उपासनेनंतर आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये पुस्तकांचं टेबल लागलं होतं. वचनांची कॅलेंडरं, वचनपेट्या, मुलांची रंगवायची पुस्तकं आणि कोपऱ्यात जांभळट रंगाच्या डायऱ्यांचा एक गठ्ठा. ख्रिस्ती आयांसाठी, वर्ष २०२५, रोजचं एक पान. छापील किंमत ५००, टेबलावर ४५०. काढणाऱ्यांचं नाव देत नाही, कारण मी पुढे कुरकुर करणार आहे आणि ती माणसं फोनवर माझ्याशी फार चांगली बोलली.

का घेतली, तेही सांगते. त्याच सकाळी नव्या पाळकबाईंनी दारातच विचारलं होतं, "ताई, तुम्ही मंडळीत कोणती सेवा करता?" मी म्हटलं, "सध्या काही नाही. मुलं लहान आहेत." हे वाक्य मी नऊ वर्षं म्हणतेय. लग्नाआधी नगरला होते तेव्हा शब्बाथ शाळा घ्यायचे, गायनवृंदात उभी राहायचे, सुट्टीत मेडिकल कॅम्पबरोबर खेड्यांत जायचे. मग कृपा झाली, पाच वर्षांनी आशिष झाला आणि देवाच्या कामाची माझी फाईल कुठल्याशा कपाटात जाऊन पडली, असं वाटायचं. डायरीच्या मागच्या बाजूला छापलं होतं, 'रोजच्या दिवसात देवाचा हेतू शोधा.' म्हटलं, साडेचारशेत मिळत असेल तर बघू या.

वापरणारी कोण, हे कळल्याशिवाय परीक्षणाला अर्थ नाही. मी स्टाफ नर्स, खाजगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला. आम्ही पिंपळे गुरवला राहतो. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये. थोरली नऊची, धाकटा चारचा. सासूबाई आमच्याकडेच असतात, म्हणून तर हे सगळं चालतं. महिन्यातून आठ-दहा नाईट पडतात, रात्री आठ ते सकाळी आठ. पुढच्या शिफ्टच्या नर्सला ओव्हर देऊन घरी पोचेपर्यंत साडेनऊ.

आता वस्तू बघा. आकार वहीएवढा, कव्हर जाड, त्यावर पाठमोरी बाई, कडेवर बाळ आणि हातात वाफाळता मग. कडेवर बाळ असताना हातात गरम चहा कोण घेतं? वॉर्डात असे भाजलेले पेशंट बघितलेत मी, त्यामुळे मला ते चित्र वर्षभर खुपलं. अक्षर मोठं आणि सुबक आहे, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येतं, हा मोठा गुण. खुणेची रिबन दुसऱ्या आठवड्यात आशिषने उपटली. बांधणी चिकटवलेली, शिवलेली नाही. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी मार्चची पानं सुटून हातात आली आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, एप्रिलची. मी मायक्रोपोर टेप लावली. (हॉस्पिटलातून आणलेली नाही, विकत घेतलेली. विचाराल म्हणून आधीच सांगते.) टेप वर्षअखेरपर्यंत टिकली, म्हणजे डायरीच्या गोंदापेक्षा मायक्रोपोरला जास्त गुण.

पानाची मांडणी अशी: वर एक वचन, खाली पाच-सहा ओळींचं चिंतन. त्याखाली पान उभं दोन भागांत कापलेलं. डावीकडे 'आज प्रभूसाठी', उजवीकडे 'आज घरासाठी', मध्ये फिकट निळी रेघ. तळाला चौकट, 'आजचा हेतू'.

पहिल्या आठवड्यातच खटका उडाला. चिंतन सांगतं, पहाटे पाचला उठा, घर जागं होण्याआधी प्रभूबरोबर शांत वेळ घालवा. २ जानेवारीच्या पहाटे पाचला मी सहा नंबर बेडच्या आजोबांची सलाईन बदलत होते. ३ तारखेच्या पहाटे पाचला त्याच आजोबांची बेडशीट बदलत होते. चिंतनाच्या हिशेबाने माझा दिवस दोन्ही दिवशी सुरूच झाला नव्हता. पहिल्या सतरा दिवसांत पाच वाजण्याचा उल्लेख अकरा वेळा आहे. मोजला मी, कारण चिडले होते.

पुरावा म्हणून बायबलातल्या नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय पुढे केलेला. त्यातली सद्गुणी स्त्री रात्र असतानाच उठते, हे खरं. पण त्याच ओवीत ती दासींना कामंही वाटून देते, ते चिंतनात गाळलंय. तिच्याकडे दासी होत्या. माझ्याकडे भांड्यांना मावशी येतात, त्याही रविवारी आणि अमावास्येला येत नाहीत. शिवाय अध्यायाची पहिली ओवी कोणी वाचत नाही. हे सगळं लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेलं. आई मुलाला सांगतेय, दारूपासून लांब राहा, मुक्यांसाठी तोंड उघड, आणि बाई कशी ओळखायची ते बघ. ऐकायला मुलगा बसलाय. आपण मात्र दर मातृदिनाला ते बायकांना ऐकवतो आणि मुलगे मागच्या बाकावर मोबाईल बघत बसतात.

मार्थाचं तर विचारूच नका. तीन दिवस सलग ती बिचारी वाईट उदाहरण. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू घरी आलेला असताना ती कामाने हैराण झाली, बहिणीची तक्रार केली, प्रभूने तिला समजावलं, हे मान्य. पण चिंतन तिथेच थांबतं. योहानाच्या अकराव्यात भाऊ मेलेला असताना रस्त्यावर उभी राहून "तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस" असं सांगते ती मार्थाच. येशूचा शिष्य पेत्र याच्या तोंडच्या अशाच कबुलीवर आपण इतके उपदेश ऐकतो, मार्थाच्या कबुलीवर मी एकही ऐकलेला नाही. आणि बाराव्या अध्यायात बेथानीत पुन्हा जेवण आहे. तिथे तीन शब्दांत येतं की मार्था वाढत होती. तेच काम, तीच बाई, समोर तोच प्रभू, आणि या वेळी तिला कोणी काही बोलत नाही. मी हे ११ जानेवारीच्या समासात लिहून ठेवलं. समास अरुंद आहे, त्यामुळे अक्षर मुंगीएवढं झालं. पुढच्या वर्षी समास वाढवा, ही माझी लेखी मागणी.

भाषेचा अर्धा गुण का कापला, तेही इथेच उरकते. मजकूर अमेरिकेतून आणून मराठीत उतरवलेला आहे, हे झाकत नाही. 'मुलांना शाळेत सोडताना गाडीत, लाल दिव्यापाशी प्रार्थना करा.' आमच्याकडे स्कूटी आहे. पुढे आशिष उभा, मागे कृपा, तिच्या पाठीला दप्तर, आणि कासारवाडीच्या सिग्नलला डोळे मिटले तर प्रभूकडे थेट जायची सोय आहे. नोव्हेंबरात चौथ्या गुरुवारी 'आभारप्रदर्शनाचा दिवस' छापलाय, त्याचा आम्हाला पत्ता नाही. आमचा हंगामाचा सण मात्र कुठेच नाही. उपकारस्तुतीची उपासना, वेदीपुढे भोपळे, ज्वारीची कणसं, अंड्यांचा ट्रे, कोणी पिंजऱ्यातून कोंबडा आणलेला, मग लिलाव. आमच्या मंडळीत यंदा एका नारळाला अकराशे आले. त्या दिवशीच्या पानावर चिंतन होतं मुलांचा स्क्रीन टाइम कमी करण्यावर.

पण सगळंच परकं म्हणून फेकण्यासारखं नाही. फेब्रुवारीत सुझॅना वेस्लीची गोष्ट आहे. जॉन आणि चार्ल्स वेस्लीची आई, इंग्लंडात एपवर्थला राहायची, एकोणीस बाळंतपणं, जगली दहा मुलं. घरात निवांत जागा म्हणून नव्हती. तेव्हा ती खुर्चीवर बसून ॲप्रन डोक्यावरून ओढून घ्यायची आणि आई आत असेपर्यंत तिला हाक मारायची नाही, असा घरचा नियम होता, असं सांगतात. मला गोष्ट आवडली. दुपारी नाईटची झोप काढून उठले, दिवाणावर बसले आणि ओढणी डोक्यावरून पुढे घेतली. दोन मिनिटं झाली असतील. खालून ओढणी हलली, थंड पाय माझ्या मांडीला लागले आणि आशिष आत आला. "मम्मी, इथे कोण कोण राहतं?" मी म्हटलं, "मी आणि येशू." तो जरा सरकला आणि म्हणाला, "मग जागा करा ना." तेवढ्यात आजीने त्याला बोर्नव्हिटासाठी हाक मारली. तो उठला नाही. मीही नाही. त्या दिवशी डाव्या रकान्यात मी काय लिहिणार होते, ते विसरले.

आता रेघ.

सुरुवातीला मी रकाने इमानदारीने भरले. डावीकडे 'स्तोत्र वाचले, प्रार्थना १० मि.' उजवीकडे 'दूध २ लि., गॅस नंबर लावणे, आशिषचा डोस, लाईट बिल.' उजवी बाजू रोज भरून वाहायची, डावीकडे दोन ओळी. महिनाअखेरीला पानं चाळली, तर तिथेही तेच 'सध्या काही नाही, मुलं लहान आहेत'. फरक इतकाच की हे मी पाचशे रुपयांच्या छापील वहीत लिहून दिलं होतं.

मग खालच्या मजल्यावरच्या काकू बाथरूममध्ये घसरल्या, उजवं मनगट मोडलं. एकट्या असतात, मुलगा बेंगळुरूला. सहा आठवडे प्लास्टर. सकाळचा डबा मी द्यायचा ठरवला. त्या कांदा-लसूण खात नाहीत, त्यामुळे आमच्या भाजीतून फोडणीआधीच थोडी वेगळी काढायची आणि चार पोळ्या जास्त लाटायच्या. रात्री डायरी उघडली आणि पेन हातात धरून बसले. हे कुठल्या बाजूला लिहायचं? शेजाऱ्यावर प्रीती, म्हणजे डावीकडे. पण कणीक एकच मळली होती. पोळपाट एक, तवा एक, मी एक. चार पोळ्या प्रभूसाठी आणि दहा घरासाठी, असं कसं लिहू? नवऱ्याच्या डब्यातल्या पोळीचं मग काय? तोही कुणाचा तरी शेजारीच आहे, निदान पलंगावर तरी.

सासूबाई समोर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, रेघेवर लिही." म्हणून मी रेघेवर लिहिलं, दोन्ही रकान्यांतून आडवं. 'काकूंचा डबा, कांदा नको.'

त्यानंतर डायरीने माझ्यासाठी काम करायला सुरुवात केली, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. ज्यांनी ती बनवली त्यांनी हे ठरवून केलं नसणार. पण रोज रात्री 'हे कुठल्या बाजूचं?' असा प्रश्न त्या मूर्ख रेघेमुळेच पडायला लागला, आणि प्रश्न पडला की दिवस पुन्हा एकदा नीट बघावा लागायचा. मार्चपर्यंत माझी प्रत्येक ओळ आडवी व्हायला लागली. 'कृपाचं वचन पाठ करून घेतलं, भांडी घासता घासता.' 'आईंच्या पायाला तेल.' 'नवऱ्याशी बोलले नाही, मग बोलले.' तळाच्या 'आजचा हेतू' या चौकटीत जानेवारीत मी मोठमोठी वाक्यं लिहायचे, देवाच्या गौरवासाठी अमुक आणि तमुक. ऑक्टोबरातल्या एका चौकटीत नुसतं 'डबा' लिहिलंय.

जूनमधलं एक सांगते. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री कृपाचा गणवेशाचा पिनो बाहेर काढला तर गुडघ्याच्या चांगला वर. गेल्या वर्षी शिवताना मी खालची घडी तीन बोटं जास्त ठेवली होती, ती उसवायला बसले. उसवलेल्या जागी गडद निळा, ऊन न लागलेला पट्टा निघतो, वर्षभराच्या धुण्याने फिकट झालेल्या कापडाच्या खाली. तो इस्त्री केली तरी दिसतोच. डायरीत त्या आठवड्यात हन्नाची कथा चालू होती. रडून मागितलेलं मूल, दूध तुटल्यावर मंदिरात नेऊन दिलं, त्यागाचं केवढं उदाहरण, वगैरे. चार दिवस त्याग झाला आणि डायरी पुढच्या बाईकडे वळली. मी घरातलं पवित्र शास्त्र काढून पुढे वाचलं. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, एकोणिसाव्या ओवीत, आहे: त्याची आई दरवर्षी त्याच्यासाठी लहान झगा करून घेऊन जायची. वर्षातून एकदा, नवऱ्याबरोबर यज्ञाला जायची तेव्हा.

मी सुई तशीच धरून बसले. वर्षातून एकदा दिसणाऱ्या पोराचं माप ती कुठून घेत असेल? घरातल्या दुसऱ्या मुलांना उभं करून? शेजारच्या, त्याच वयाच्या कुणाला तरी? आणि बाह्या आखूड झाल्या तर पुढचं अख्खं वर्ष तो तशाच बाह्यांनी मंदिरात दिवा लावत फिरणार, हे तिला माहीत. शास्त्र लिहिणाऱ्याने एवढ्या लढाया, राजे, भाकितं यांच्यामध्ये त्या झग्याला एक ओवी दिली. या डायरीने एकही ओळ दिली नाही. माझ्या मते वर्षातली ही सगळ्यात मोठी चूक, बांधणीपेक्षाही.

त्या रात्री मी घडी पूर्ण उसवली नाही. एक बोट ठेवलं, डिसेंबरासाठी.

आणखी एक चूक आहे, पण तिच्यावर मी खूश आहे. २०२५ हे लीप वर्ष नव्हतं आणि डायरीत २९ फेब्रुवारीचं पान आहे. बहुतेक आदल्या वर्षीचाच साचा वापरला असणार. मी फोन केला तेव्हा पलीकडच्या बाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, "ताई, त्या पानावर काहीतरी चिकटवून टाका." बदलून द्यायलाही तयार होत्या. मी बदलली नाही. त्या पानावर मी सासूबाईंच्या आजीची गोष्ट लिहून घेतली. त्यांनी सांगितली तशी, सलग, रेघेवरून.

त्या आजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या, वय सहा की सात, आईबाप वाटेत गेलेले. पंडिता रमाबाईंच्या माणसांनी त्यांना केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशन या आश्रमात आणलं. तिथेच वाढल्या, मराठी तिथेच शिकल्या आणि मोठ्या झाल्यावर तिथल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायच्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या आणि ते मुक्तीतल्या बायकामुलीच छापत होत्या. सकाळी दळणकांडण, स्वयंपाकघराची पाळी, मग हात धुऊन छापखाना. आजी सांगायच्या की हाताला कधी पिठाचा वास, कधी शाईचा. एकदा कुठल्याशा पानावर त्यांच्या कणकेच्या बोटांचा ठसा उमटला आणि पान रद्द करावं लागलं, म्हणून त्या रडल्या होत्या. खिळे उलटे असतात, त्यामुळे त्यांना म्हातारपणी आरशातलं अक्षरही सरळ वाचता यायचं. सासूबाईंनी लहानपणी हा खेळ त्यांच्याबरोबर पुष्कळ खेळलाय.

डायरीत पाच परदेशी आया आहेत, त्यांचे फोटो आहेत. रमाबाई नाहीत. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला तेव्हा त्यांची लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटिजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्या लेकीला वाढवून तिच्या हातात मुक्तीचं काम द्यायचं होतं आणि तीच १९२१ मध्ये आधी गेली. पुढच्या एप्रिलात रमाबाई गेल्या. त्या शेवटच्या महिन्यांत त्या भाषांतराची मुद्रितं तपासत होत्या. पूर्ण शास्त्र छापून झालं १९२४ मध्ये, दोघी गेल्यानंतर. पुण्याहून दौंडच्या लोकलने केडगाव जेमतेम दीड तासावर आहे. पुण्यात विकायच्या मराठी डायरीला तेवढा प्रवास करता आला नाही, याचं मला वाईट वाटलं. फोनवर तेही सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं, निदान तसं म्हणाल्या.

ऑगस्टमधली पानं मी कोणाला दाखवत नाही, पण परीक्षण आहे म्हणून सांगते. आशिषला ताप आला, पाच दिवस चढता-उतरता. वॉर्ड तेव्हा डेंग्यूने भरलेला, त्यामुळे माझ्या डोक्यात काय चाललं असेल ते दुसऱ्या नर्सला सांगायची गरज नाही. दुसऱ्याच्या मुलाचा चार्ट भरताना हात थरथरत नाही. टेस्ट निगेटिव्ह आली, प्लेटलेट कमी होऊन थांबल्या. त्या पाच दिवसांच्या पानांवर वचन वाचलेलं नाही, चिंतन वाचलेलं नाही. दोन्ही रकान्यांवरून वेळ आणि आकडे आहेत, वॉर्डात लिहितो तसे. रात्री १, १०२.४. औषध दिलं. २.३०, १०१. घाम. लघवी झाली. ४, १०२. पट्ट्या. ५, जागा आहे, पाणी मागितलं. आणि मग पाच वाजून गेल्यावर, माझ्याच अक्षरात, 'प्रभू' एवढंच. पुढे काही नाही. बहुतेक तो उठला असेल.

वर्षभरात पहाटे पाचच्या शांत वेळेची माझी नोंद ती एवढीच.

सासूबाईंनी ती पानं नंतर वाचली. त्या मंडळीत रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग चालीवर सांगणाऱ्या बाई, प्रार्थनेला उभ्या राहिल्या की वीस मिनिटं सहज. मला वाटलं काहीतरी बोलतील. त्यांनी डायरी मिटली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "साडेतीनला नोंद नाही." मी म्हटलं, "डोळा लागला असेल, आई." त्या म्हणाल्या, "तेव्हा मी होते." आणि भाजी निवडायला गेल्या.

तर घ्यावी का? ज्या आयांना शिस्तीने रोज वाचायला काहीतरी हवंय आणि ज्यांची सकाळ खरंच सकाळी होते, त्यांना बरी आहे. चिंतनं छोटी आहेत, गोड आहेत, कुणाचं वाईट करत नाहीत. शिफ्टमध्ये काम करणारीने घ्यावी, पण भांडायच्या तयारीने. नव्या बाळंतिणीला भेट देऊ नका, दया करा, तिला पाच वाजण्याबद्दल कोणी काही सांगायची गरज नसते, तिला ते पाचही माहीत असतात आणि तीनही. तिला डबा द्या.

घरपोच मागवली तर वर ६० रुपये घेतात, त्यापेक्षा मंडळीतल्या टेबलावरच घ्या. डिसेंबराच्या पहिल्या रविवारनंतर उरत नाही. घेताना मधलं पान उघडून बांधणी बघा, यंदाच्या गठ्ठ्यातल्या काही शिवलेल्या आहेत आणि काही नाहीत, का ते देव जाणे. पाळकबाईंनी परवा पुन्हा विचारलं, या वेळी हॉलच्या पायरीवर, घरोघरी नाताळची गाणी गायच्या कॅरल राऊंडच्या याद्या हातात घेऊन. "ताई, सेवा कोणती देऊ?" मी म्हटलं, "बाई, नाईट आहेत, कॅरलला येणं जमणार नाही. पण माझ्याकडे बऱ्याच चालू आहेत, तुम्हाला यादी दाखवते." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

२०२६ साठी मी दोन घेतल्या, एक मला आणि एक नगरच्या जाऊबाईंना. रेघ अजून आहे. समास वाढवलेला नाही. २९ फेब्रुवारी काढून टाकलाय, त्यामुळे थोडी हळहळ वाटली.

शेवटची एक सूचना, पेनाबद्दल. जेल पेन वापरू नका, साधं बॉलपेन घ्या, तेही टेकवून लिहू नका. कागद पातळ आहे. शाई पलीकडे उमटते, आणि दुसऱ्या दिवशीच्या वचनाच्या मधोमध आदल्या रात्रीचा १०२.४ उलटा दिसत राहतो. सासूबाईंना मात्र तोही वाचता येतो.